ठिणगी कोणाची?

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या माडीवर एक सागवानी पेटी अजून आहे. आजोबा गायकवाड सरकारच्या जमाबंदी खात्यात कारकून होते आणि त्यांच्या नोकरीची ऐन उमेदीची वर्षे नवसारी प्रांतातील सोनगड, व्यारा या रानवट भागात, संस्थानच्या दप्तरात ज्यांना ‘रानी महाल’ म्हणत त्या मुलखात, फिरतीवर गेली. त्या फिरतीच्या सरंजामापैकी वाळवी, दमट हवा आणि तीन पिढ्यांची झाडलोट यांतून जे बचावले, ते सारे या पेटीत आहे. पितळी दौत, कंदिलाची वाकलेली कडी, मोजणीच्या साखळीचे दोन दुवे आणि तेलाने काळवंडलेली एक कातडी पिशवी. पिशवीत तीन वस्तू आहेत : दोन्ही टोके आत वळवलेली, मुठीत बसेल एवढी पोलादी पट्टी, अंगठ्याएवढी तांबूस पिवळी गार आणि लाकडी बूच बसवलेली कळकाची एक नळी, जिच्या तळाशी जळक्या कापसाची काजळी अजून बोटाला लागते. आजोबांच्या काळी आगपेट्या मिळत नव्हत्या असे नाही; परंतु श्रावणात डोंगराळ मुक्कामी आगपेटीतील काड्यांची डोकी ओलाव्याने सुटून हाती येत, आणि अशा वेळी ज्याच्या पिशवीत चकमक असे त्याचीच चूल पेटे, असे ते सांगत.

या पेटीची आठवण होण्याचे कारण म्हणजे माझा भाचा. डोंगरदऱ्यांतून भटकण्याचा त्याला छंद आहे. गेल्या चैत्रात त्याने माझ्यापुढे करंगळीएवढी एक काळी कांडी ठेवली. तिला दोरीने बांधलेले पोलादी पाते होते.

“मामा, हा फेरो रॉड. पाण्यात बुडवून काढलात तरी चालतो,” असे म्हणून त्याने खरोखरच ती कांडी तांब्यात बुडवली, धोतराच्या सोग्याला पुसावी तशी आपल्या शर्टाला पुसली आणि पात्याने खसकन ओढली. अंगणाच्या फरशीवर पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा असा काही सडा पडला की शेजारच्या घरातील मुले धावत आली. मी माडीवर जाऊन आजोबांची पिशवी घेऊन आलो. दोन्ही वस्तू एकाच चौरंगावर मांडल्या, आणि त्यानंतरचे कित्येक दिवस माझे मन एकाच प्रश्नाने व्यापले : दोन निर्जीव पदार्थ एकमेकांवर आदळतात आणि अग्नी उत्पन्न होतो, तेव्हा ती ठिणगी त्या दोहोंपैकी कोणाची असते?

आपल्या भाषेने या प्रश्नाचे उत्तर चतुराईने टाळले आहे. चकमक हा शब्द मूळचा तुर्की, मूळ अर्थ आघात करून आग पाडणे असा. आजही इस्तंबूलच्या बाजारात चकमक मागितली तर दुकानदार सिगारेट पेटवण्याचा लायटर हाती देतो. मराठीत हा शब्द आला तेव्हा तो त्या पट्टीचाही झाला, दगडाचाही झाला, त्या सगळ्या साहित्याचाही झाला, आणि दोन फौजांच्या आघाडीच्या टोळ्यांची अकस्मात गाठ पडून जी थोडीशी हाणामारी होते तिचाही झाला. चकमक झाडणे, चकमक उडणे हे प्रयोग आपण सहज करतो. परंतु झाडले कोणाला आणि उडाले काय, याचा विचार करीत नाही. लहानपणी मला खात्री होती की गारेच्या पोटात अग्नी कोंडलेला असतो आणि पोलादाचा फटका बसला की तो बाहेर पडतो. ही समजूत केवळ माझी नव्हती. शतकानुशतके बहुतेक जगाची हीच समजूत होती.

या प्रश्नाचा प्रत्यक्ष पाहून निकाल लावणाऱ्यांत रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला अग्रमान द्यावा लागतो. त्याने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात, पांढऱ्या कागदावर गार आणि पोलाद झाडून खाली पडलेले काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसले, याचे वर्णन केले आहे. ते कण वाटोळे होते, घासून उजळलेल्या पोलादासारखे चकाकत होते, आणि त्यांचा आकारच सांगत होता की क्षणापूर्वी ते वितळलेल्या अवस्थेत होते. अर्थ उघड होता. गार ही पोलादाहून कठीण असल्यामुळे तिची तीक्ष्ण धार पोलादाचा अत्यंत बारीक कीस काढते. त्या ओरबाडण्याने कीस तापतो, आणि तापलेला कीस हवेतील प्राणवायूशी संयोग पावून जळू लागतो. लोखंडाचा खिळा हवेत वर्षानुवर्षे गंजत पडतो, तीच क्रिया केसाहून बारीक किसाच्या बाबतीत निमिषार्धात उरकते. कारण त्याच्या वजनाच्या मानाने हवेला भिडणारा त्याचा पृष्ठभाग प्रचंड असतो. ठिणगी जळते ती पोलादाची. गारेचे काम सुरीचे आहे.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे आजोबांच्या पिशवीतील प्रत्येक वस्तूची निवड किती जाणतेपणाने झाली होती, ते उमगते. पट्टी साध्या नरम लोखंडाची असती तर तिने ठिणगी जवळजवळ दिलीच नसती. तिच्यात कर्बाचे प्रमाण पुरेसे हवे आणि तिला चांगले पाणी दिलेले हवे. जुन्या मोडक्या कानशीपासून लोहार उत्तम चकमक घडवून देतात, ते याच कारणाने. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या यंत्रशाळेत उभे राहिले तर हीच परीक्षा आजही पाहावयास मिळते : मुरलेला कारागीर पोलादाचा अनोळखी तुकडा सहाणेच्या फिरत्या चाकाला क्षणभर टेकवतो आणि ठिणग्यांना फुटणारे फाटे पाहून त्यात कर्ब किती असावा याचा अंदाज करतो. कर्ब जितका अधिक, तितकी ठिणगी अधिक फुलते. लक्ष्मीपूजनाच्या फुलबाजीत लोखंडाचा कीस फुलतो, त्याचेही शास्त्र हेच.

आणि ती तांबूस गार? ती कोठून आली असेल, याविषयी मला फारसा संशय नाही. बडोद्याच्या दक्षिणेला, नर्मदेपलीकडे भरूच जिल्ह्यातील झगडिया तालुक्यात रतनपूर नावाचे गाव आहे. तेथील डोंगराच्या पोटातून अकीक निघतो. दख्खनच्या ज्वालामुखीजन्य खडकांच्या पोकळ्यांत सिलिकेचे जल झिरपून जे सुंदर थर साचले, ते हे अकीक. पुढे त्या खडकांची झीज होऊन हे कठीण गोटे मुरमात वेगळे उरले आणि शेकडो वर्षे खोदून काढले जाऊ लागले. त्या डोंगरावर बाबा घोर यांचे स्थान आहे आणि सिद्दी समाजाची त्यावर अपार श्रद्धा आहे. रतनपूरचा दगड खंभातला जातो, उन्हात वाळतो, मडक्यांत घालून गोवऱ्यांच्या आचेवर भाजला जातो, आणि भाजल्यावर त्यातील लोहांशामुळे पिवळ्याचा लाल होतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर तो दगड धरून शिंगाच्या हातोडीने हलके हलके टिपे काढीत त्याचा मणी घडवतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातील कुलदीप भान आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी खंभातच्या या कारखान्यांचा बारकाईने अभ्यास केला, तो हडप्पाकालीन मण्यांचे रहस्य समजून घेण्यासाठी. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा कारागीर ज्या जातीचा दगड हाताळीत होता, त्याच जातीचा दगड आजोबांच्या कातडी पिशवीत होता.

त्याहूनही मागे जाता येते. रॉबर्ट ब्रूस फूट हे नाव भारतीय प्रागितिहासात आद्य मानले जाते. मद्रासजवळच्या पल्लावरम येथे १८६३ साली त्यांना अश्मयुगीन हत्यार सापडले आणि या देशातील आदिमानवाच्या शोधाला प्रारंभ झाला. ते १८९१ साली हिंदुस्थान सरकारच्या भूगर्भ खात्यातून निवृत्त झाल्यावर बडोदे संस्थानाने त्यांना आपल्या मुलखाची भूशास्त्रीय पाहणी करण्यासाठी बोलावले. १८९८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा बडोदे संस्थानाच्या भूस्तरांवरील ग्रंथ हे त्या नेमणुकीचे फळ. याच पाहणीत त्यांना साबरमतीच्या काठी आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. संस्थानिकाने खनिजांचा शोध घेण्यासाठी माणूस नेमावा आणि त्या माणसाने मानवजातीच्या बाल्याचा पुरावा हाती आणून द्यावा, हा योग मला फार मोलाचा वाटतो. त्या हत्यारांना धार देताना दगडावर दगड आदळत असतील, अंधारात फिकट चमक दिसत असेल. पण दोन गारा एकमेकींवर घासून जी चमक निघते ती फार दुबळी असते, तिने कापूसही धरत नाही. दगडातून खरी ठिणगी काढण्यासाठी दुसरा दगड लोहमाक्षिकाचा, म्हणजे लोखंड आणि गंधक यांच्या संयोगाचा, असावा लागतो. जळण्यासाठी तेथेही लोखंडच पुढे येते. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या प्रवाशाजवळ आग धरणारी वाळकी भूछत्री होती आणि तिच्यावर लोहमाक्षिकाचे कण होते. त्याची चकमक आणि आजोबांची चकमक यांच्यात केवळ धातुविद्येच्या प्रगतीचे अंतर आहे.

आपल्याकडील वैदिक परंपरेने मात्र हा मार्ग धरला नाही. शमीच्या सान्निध्यात वाढलेल्या अश्वत्थाच्या अरणी, त्यांतील मंथा, दोरीने घुसळण्याचा तो परिश्रम आणि अखेर काळ्या भुकटीत जागलेला निखारा, ही अग्निमंथनाची रीत घर्षणाची आहे. तीत ठिणगी उडत नाही, उष्णता साठत साठत जाते. यज्ञशाळेत अरणी आणि रानात चकमक, असे दोन्ही विधी या देशात एकत्र नांदले. पलटणींतही हेच घडले. मराठ्यांच्या जुन्या तोडेदार बंदुकीला सोऱ्यात भिजवून वाळवलेल्या दोरीचा धुमसता तोडा लागे. महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने उभारलेल्या कवायती पलटणींच्या हाती चापात गार बसवलेल्या बंदुका आल्या, आणि लष्कराच्या साहित्यात दारूगोळ्याबरोबर गारांचाही हिशेब लागू लागला.

आता त्या काळ्या कांडीकडे वळू. तिचा जन्म व्हिएन्नात १८५८ साली जन्मलेल्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या हातचा. हा माणूस आपल्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा आहे, केवळ नाव ठाऊक नाही. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्त्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना त्या बत्तीतील रेशमी जाळीचे मेंटल आठवेल. पेटताच जळून राखेची जाळी उरणारे आणि त्या राखेनेच झळाळणारे. ते मेंटल आउअरचे. त्या राखेत नव्याण्णव भाग थोरियमचे भस्म आणि एक भाग सेरियमचे, हे प्रमाण त्याने दीर्घ प्रयोगांती निश्चित केले. थोरियम मिळवण्यासाठी मोनाझाइट नावाची वाळू लागे, आणि त्या वाळूत थोरियमचा अंश शेकडा दहाच्या आसपासच असे. निम्म्याहून अधिक भाग सेरियम आणि त्याच्या भावंडांचा. थोरियम काढून घेतल्यावर या भावंडांचे ढीगच्या ढीग कारखान्यात निरुपयोगी पडून राहू लागले. त्या ढिगांचे काय करावे या विवंचनेतून आउअरने सेरियमात सुमारे तिसरा हिस्सा लोखंड मिसळले, आणि त्या मिश्रधातूवर नुसती कानस फिरवली तरी लखलखीत ठिणग्या उडतात हे त्याला आढळले. १९०३ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. सिगारेट लायटरच्या चाकाखाली असणारा, ज्याला आपण लायटरचा खडा म्हणतो तो हाच पदार्थ. दगड म्हणून विकला जातो, वस्तुतः तो धातू आहे.

या कथेत हिंदुस्थानचा प्रवेश होतो तो १९०९ साली, जेव्हा त्रावणकोरहून परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाला मोनाझाइट ओळखू आले. त्यानंतर आपल्या दक्षिण किनाऱ्याची काळसर वाळू जहाजांत भरून युरोपला जाऊ लागली आणि मेंटलच्या रूपाने परत येऊन आपल्याच वराती उजळू लागली. लायटरचा प्रसार पुढे इतका झाला की १९३४ साली सरकारने आगपेट्यांवर अबकारी कर बसवला, त्याच वर्षी यांत्रिक लायटरांवरही स्वतंत्र कायद्याने कर बसवावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी संस्था स्थापन झाली, १९५२ साली केरळातील आलुवा येथे मोनाझाइट शुद्ध करणारा कारखाना सुरू झाला आणि पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. वाळू घरची घरी शिजू लागली.

आणि बडोद्याचे काय? छोटा उदेपूरच्या दिशेने गेले की कडीपाणीजवळ आंबाडुंगर नावाची एक कंकणाकृती टेकडी लागते. २०१३ साली छोटा उदेपूर हा वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत हा सगळा टापू आमच्याच बडोदे जिल्ह्यात मोडत असे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे लाव्हारस वाहत होते त्याच युगात, येथे भूगर्भातून एक विलक्षण रस वर आला. तो थिजून जो खडक झाला तो चुनखडीच्या घटकांचा, आणि तरीही अग्निजन्य. त्याला कार्बोनेटाइट म्हणतात. सुखेशवाला आणि उदास या भूशास्त्रज्ञांनी १९६३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जगभरच्या अभ्यासकांची पावले या आडरानाकडे वळली. तेथे फ्लोरस्पारची खाण झाली. त्या खडकांत सेरियम, लँथॅनम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्येही आहेत. ‘दुर्मिळ’ हे विशेषण सेरियमच्या बाबतीत अन्यायाचे आहे, कारण पृथ्वीच्या कवचात ते साधारण तांब्याइतकेच आढळते. दुर्मिळ आहे ती त्याची एका ठिकाणी झालेली दाटी. भाच्याच्या खिशातील कांडी कोठल्या देशाच्या धातूची होती कोण जाणे, पण तिचे सगोत्र द्रव्य आमच्या आंबाडुंगराच्या पोटात आहे, हे समजल्यावर मला ती कांडी परकी वाटेनाशी झाली.

तिच्या घटनेत आज सेरियम सर्वांत अधिक, त्याखालोखाल लँथॅनम, थोडे निओडिमियम आणि प्रेझोडिमियम, कठीणपणा यावा म्हणून लोखंड, आणि बहुधा किंचित मॅग्नेशियम असते. सेरियमच्या किसाला पेट घेण्यासाठी पावणेदोनशे अंशांच्या आतबाहेरची उष्णता पुरते, म्हणजे पात्याच्या एका ओरखड्याने येते तेवढी. पेट घेतल्यावर मात्र ती ठिणगी तीन हजार अंशांपर्यंत पोचते. पोलादाची ठिणगी हिच्या मानाने थंड आणि अशक्त. येथे नात्याची उलटापालट झालेली पाहावी : जुन्या चकमकीत पोलाद सोलवटले जाई आणि दगड सोली, नव्या कांडीत पोलाद सोलते आणि कांडी सोलवटली जाते. जे मऊ ते जळते, जे कठीण ते शाबूत राहते. त्या चौरंगावर मांडलेल्या दोन साधनांत पोलादाचा तुकडा दोन्हीकडे होता. एकीकडे तो आहुती होता, दुसरीकडे ऋत्विज.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. मी हे शिकण्यात बरेच दिवस घालवले आहेत आणि त्यातील बारकावे नीट सांगितले पाहिजेत असे मला वाटते, कारण विक्रीच्या वेष्टनावर ते कोणी सांगत नाही. नव्या कांडीवर काळा लेप असतो, तो आधी खरवडून काढावा. लेप असेतो ठिणगी येत नाही. पाते धारेचे नको, काटकोनी तीक्ष्ण कंगोऱ्याचे हवे. चाकूच्या पात्याचा पाठीकडचा कंगोरा चालतो, फुटक्या काचेची कडही चालते. बहुतेक नवशिके कांडी स्थिर धरून पाते पुढे ढकलतात, आणि हात शेवटी आपटून जमवलेला सारा कापूस उधळून टाकतात. त्याऐवजी पाते कापसाच्या अगदी जवळ धरून ते तसेच स्थिर ठेवावे आणि कांडी आपल्याकडे मागे ओढावी, म्हणजे ठिणग्या नेमक्या जागी पडतात. झपाटा नको, दाब हवा. कीस जितका जाड निघेल तितकी ठिणगी अधिक वेळ टिकते. हलक्या हाताने ओढल्यास डोळे दिपवणाऱ्या पण हवेतच विझणाऱ्या चांदण्या पडतात. कांडी ओली झाली तरी पुसून वापरता येते हे खरे, परंतु ओलीच ठेवून दिली तर आमच्या बडोद्याच्या पावसाळी हवेत तिला पांढरट बुरा धरतो आणि ती ठिसूळ होते. वापरून झाल्यावर कोरडी करून तेलाचा हात फिरवून ठेवावी.

इतके करूनही ठिणगी म्हणजे अग्नी नव्हे. ठिणगीचे आयुष्य डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढे. तेवढ्यात तिला झेलणारे काहीतरी तयार असले पाहिजे. आजोबांच्या काळी हे काम नळीतील जळका कापूस करी. धुवट सुती चिंधी किंवा कापूस डबीत कोंडून, हवा लागू न देता भाजला की त्याचा कोळसा होतो; पोलादाची दुबळी ठिणगी त्यावर पडली तरी लाल ठिपका धरते आणि हळूहळू पसरते. मग तो ठिपका वाळलेल्या गवताच्या घरट्यात ठेवून फुंकर घालावयाची. कांडीच्या ठिणगीला इतकी तयारी लागत नाही, साधा पिंजलेला कापूसही ती पेटवते. आणि बडोद्याच्या परिसरात निसर्गाने दिलेला कापूस म्हणजे सावरीचा. फाल्गुनात लाल फुलांनी डवरलेली सावर चैत्र-वैशाखात बोंडे फोडते आणि रेशमासारखी म्हातारी वाऱ्यावर उडू लागते. तिच्यावर कांडीची ठिणगी पडताच भपकन ज्वाला होते. दोष एवढाच की ती तशीच भपकन संपते. म्हणून तिच्याखाली काही चिवट, सावकाश जळणारे असावे : नारळाच्या शेंडीचा उकललेला काथ्या, कुस्करलेली कोरडी गोवरी, ताडाच्या देठावरची जाळी. त्यावर काडीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढे सरपण. बहुतेकांची आग विझते ती या चढत्या पायऱ्यांपैकी एखादी वगळल्यामुळे.

एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. पावागढच्या पायथ्याचे आणि जांबुघोड्याचे साग-बांबूचे रान फाल्गुनापासून मृगापर्यंत बारुदाच्या कोठारासारखे असते. खाली पडलेल्या सागाच्या पानांचा थर पायाखाली चुरचुरतो. जांबुघोडा हे १९९० पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात रानाला धोका पोचेल अशा रीतीने विस्तव करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. राखीव जंगलाला १९२७ च्या वन कायद्याचा बंदोबस्त आहेच. कायदा नसता तरी हे करू नये. मोहाच्या झाडाखाली वेचणी करणाऱ्या माणसांचे वर्षाचे पोट त्या रानावर असते. कांडीची ठिणगी हातभर दूर जाऊन पडते आणि पडतानाही जळत असते, हे विसरणाऱ्याने ती बाळगू नये. विस्तव करावयाचाच तर नदीच्या पात्रातील कोरड्या वाळूवर, वारा पडलेला असताना, जवळ पाण्याची घागर ठेवून करावा, आणि निघताना राख हाताला गार लागेतो तीत पाणी ओतावे.

या वस्तूला मराठीत नाव असावे असेही मला वाटते. ज्या बडोद्यात १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचे अनेक भाषांतील पर्याय शेजारी शेजारी मांडणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध झाला, त्या बडोद्याच्या रहिवाशाला ही उणीव बोचावी हे स्वाभाविक आहे. चकमककांडी हा शब्द मी घरात वापरून पाहिला. भाच्याने तो दुसऱ्या दिवशीच उचलला.

वैशाखात आम्ही दोघे चांदोदच्या अलीकडे, ओरसंगच्या रुंद वाळवंटात एक रात्र राहिलो. ओरसंग तेथून पुढे नर्मदेला मिळते. पहाटे अवकाळी पावसाची सर आली आणि सगळे सामान भिजले. उजाडल्यावर चहासाठी विस्तव करावयास बसलो तो कळले की पाते दोरीतून निसटून रात्रीच कोठेतरी वाळूत गडप झाले आहे. भाच्याने अर्धी घटका वाळू चाळली. चाकू आम्ही घेतला नव्हता.

“मामा, आजोबांची पिशवी आणलीत ना?”

आणली होती. पट्टी मात्र घरीच राहिली होती, गंज काढण्यासाठी तेलात बुडवलेली. पिशवीत केवळ गार होती, आणि नळीत, मी मुद्दाम नव्याने भाजून भरलेला, सावरीचा नव्हे तर साधा देवकापूस. मी गार डाव्या हातात घेतली, तिची जुनी तुटकी कड शोधली, जिच्यावर आजोबांच्या पट्टीचे करडे ओरखडे अजून होते, आणि ती वाळूवर ठेवलेल्या नळीच्या तोंडाशी स्थिर धरली. उजव्या हाताने कांडी तिच्या कडेवरून दाबून मागे ओढली. पहिल्या खेपेला थोड्याच ठिणग्या आल्या. दुसऱ्या खेपेला पांढरा झोत थेट नळीत शिरला आणि काळ्या कापसाच्या मधोमध मोहरीएवढा लाल ठिपका उमटला. भाच्याने काथ्याचे घरटे पुढे केले, मी ठिपका त्यात ओतला आणि तो ओणवा होऊन फुंकर घालू लागला.